हिपशी झाडावर चढते की नाही

ठकू, काल मी तुझ्या दारात आले आणि कोणी विचारलंच नाही, "काय बाई, चढली का तुजी हिपशी झाडावर?"

चौदा वर्षं हा प्रश्न मला तुझ्या उंबऱ्यावर भेटत आलाय. बसायला पोतं नंतर, चहा नंतर, तब्येतीची विचारपूस तर त्याहून नंतर. काल दारात चपलांचा ढीग होता. आत पांढऱ्या साड्यांतल्या बायका बसल्या होत्या आणि बुद्धाच्या मूर्तीशेजारी तुझा फोटो ठेवला होता. फोटोत तू तोंड मिटून ताठ बसलेली. तुला अशी गप्प बसलेली मी कधी पाहिलीच नव्हती, त्यामुळे ही बाई कोण, असं क्षणभर वाटलं. तुझ्या पुण्यानुमोदनाला मी पोटभर रडायचं ठरवून आले होते. पण तो फोटो पाहिला आणि मला हसू फुटलं. पदर तोंडाला लावला म्हणून निभावलं.

आज घरी येऊन हे लिहितेय. तुला एक गोष्ट सांगायची राहिली. राहिली म्हणजे मी ती मुद्दाम सांगितली नाही, तीन वर्षं. ती सांगणारच आहे. पण आधी आपलं भांडण पहिल्यापासून मांडते, कारण तू ते नेहमी तुझ्या सोयीनं सांगायचीस आणि ऐकणारे तुझ्याच बाजूनं हसायचे.

मी माण गावच्या शाळेत आले तेव्हा तेवीस वर्षांची होते. पुण्याची, इस्त्रीच्या साडीची, आणि जगातलं सगळं कुठल्या ना कुठल्या पुस्तकात लिहिलेलं असतं असं मानणारी. पहिल्याच आठवड्यात तू शाळेच्या पायऱ्यांखाली उभी राहून मला म्हणालीस, "बाई, माज्या सुजाताला नीट शिकीव. तू लई बारीक आवाजात बोलतीस, मागच्या पोरीस्नी ऐकू येत न्हाई." माझा चेहरा पडला. नंतर कळलं की तू हेडमास्तरांशीही असंच बोलतेस, तपासणीला आलेल्या साहेबांशीही, आणि तुझ्या बारा शेळ्यांशीही. त्यातल्या त्यात शेळ्यांशी जरा मऊ बोलायचीस.

तेव्हा तू पायऱ्या चढत नव्हतीस. मी एकदा म्हटलं, वर या ना, शाळा सगळ्यांची आहे. तू म्हणालीस, "हाय की. पर मला हितनंबी दिसतंय." आणि तिथूनच वर्गात बघत उभी राहिलीस. गावात कोणी कुठवर यायचं हे आमच्या आधी किती पिढ्या ठरवून बसल्या होत्या, हे मला तेव्हा उमगत नव्हतं. मला वाटलं, बाई लाजरी आहे. तू आणि लाजरी!

त्या वर्षी तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन पौडला होतं. बाकीच्या शाळा ज्वालामुखी करणार हे ठरलेलंच होतं. मला काहीतरी वेगळं करायचं होतं. माझ्या मामांनी रद्दीतून उचललेलं एक जुनं इंग्रजी पुस्तक माझ्याकडे होतं, अर्धं कव्हर गेलेलं. त्यात डायनोसॉरची चित्रं होती. सगळे घराएवढे, डोंगराएवढे. त्यांच्यात एक मात्र लहानसा होता: कमरेइतका उंच, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत माणसाएवढा लांब. दोन पायांवर उभा राहणारा, आखूड हातांचा, पोपटासारख्या चोचीचा, मोठ्या डोळ्यांचा, आणि मुख्य म्हणजे पाला खाणारा. हा आपण खऱ्या मापाचा करू शकतो, असं माझ्या डोक्यात आलं.

पुठ्ठा आणि कागदाचा लगदा घेऊन मी सातवीच्या वर्गाला कामाला लावलं. चार दिवसांत तीनदा मान मोडली. चौथ्यांदा मोडली तेव्हा पायऱ्यांखालून आवाज आला, "बाई, तू मास आदी लावतीस आन हाडं मागनं. आसं कसं व्हईल?" तू काखेत बांबूच्या कामट्यांची मोळी घेऊन उभी होतीस. लावणीच्या दिवसांत अंगावर घ्यायची इरली तू करायचीस, म्हणजे कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पळसाची पानं, हे मला माहीत होतं. मी चिडून म्हटलं, "मग तुम्हीच करून दाखवा." तू पायऱ्यांकडे पाहिलंस. चपला काढल्यास. मोळी काखेत सावरलीस आणि वर आलीस, आणि सरळ सातवीच्या वर्गात मध्यभागी बैठक मारलीस. त्या दिवसानंतर तू कधी पायऱ्यांखाली उभी राहिली नाहीस. ठकू, ही मोठी गोष्ट होती, आणि मी ती पाहिलीच नाही. मला फक्त माझा प्राणी उभा राहतोय याचा आनंद होता.

नाव विचारलंस. मी सांगितलं, हिप्सिलोफोडॉन. तू दोनदा प्रयत्न केलास आणि म्हणालीस, "जिभंला गाठ पडंल. हिपशी म्हनू." तेव्हापासून ती हिपशी झाली आणि बाईमाणूसही झाली. पुस्तकात ती नर की मादी हे दिलं नव्हतं, पण तुझ्या मते इतके मोठे डोळे करून चौफेर लक्ष ठेवणारं जनावर मादीच असणार.

मग तू चित्र मागितलंस. एका पानावर हिपशी जाड फांदीवर बसलेली होती, शेपूट खाली लोंबत होती. शेजारच्या पानावर तिच्या हाडांचा सापळा होता. तू फांदीवरचं चित्र एकदा पाहून बाजूला केलंस आणि सापळ्यावर बोट फिरवत बसलीस. मग विचारलंस, "ही झाडावर का बसवलीया?"

मी म्हटलं, "ती झाडावर राहायची. पुस्तकात लिहिलंय. तिच्या पायाचा अंगठा मागे वळलेला होता, त्यानं फांदी धरायची."

"न्हाई," तू म्हणालीस. तुझं ते 'न्हाई' मला पाठ आहे. त्यात राग नसायचा, नुसती खात्री असायची. "हिची मांडी बघ, आखूड हाय. नडगी लांब. सश्याची आशीच आसती, भेकराची बी. ही पळनारी हाय. झाडावर चढायला हात लांब लागत्यात, वानराचं बघ. ह्या टीचभर हातानं ही फांदी कशी धरंल?"

"कोंबडी नाही का झाडावर बसत?"

"कोंबडीला पंख हायेत, बाई."

मी म्हटलं, "अहो, हे पुस्तक विलायतेतल्या विद्वानांनी लिहिलंय."

"त्येंनी जिती बघितली व्हती का?"

"नाही. करोडो वर्षांपूर्वीचा प्राणी आहे."

"मंग त्येंचं आन माजं सारकंच," तू म्हणालीस आणि कामटी सोलायला घेतलीस.

आपलं भांडण एवढंच. पुढची चौदा वर्षं आपण त्यात फक्त तिखटमीठ घातलं.

पण ते दिवस काय मजेचे गेले! कामट्यांच्या फासळ्या तू वाकवून बांधल्यास, भाताच्या पेंढ्याचे वळ गुंडाळून मांड्या भरल्यास, वर गोणपाट शिवलंस आणि शेणमातीनं लिंपून काढलंस. चोचीला करवंटीचा तुकडा घासून बसवला. डोळ्यांना दोन सागरगोटे, ते सुजाताच्या खेळातले होते आणि ती दोन दिवस फुरंगटून बसली होती. रंगाचं मी विचारलं तर म्हणालीस, पाठ तपकिरी आणि पोट पांढरं, भेकरासारखं, म्हणजे झुडपात उभी राहिली की दिसायची नाही. पुस्तकात रंग नव्हताच, त्यामुळे तिथं मी तुझंच ऐकलं.

एक दिवस तू सबंध वर्गाला माळावर घेऊन गेलीस. वेळापत्रकात गणित होतं. तुझी शेळी धरून तू तिचं तोंड उघडलंस आणि पोरांना विचारलंस, "वरलं म्होरचं दात दावा." नव्हतेच. शेळीला वरचे पुढचे दात नसतात हे पुण्यात वाढलेल्या मला कोणी सांगितलं नव्हतं. "मंग ती पाला कशी तोडती? खालच्या दातानं आन वरच्या कडक हिरडीनं. हिपशीची चोच त्येच काम करती. आन मागच्या दातानं चावती." मग तू शेळीचा गाल बाहेरून चेपून दाखवलास. "आन ह्यो गाल. गाल न्हाई तर चावलेला पाला भुईवर पडंल. तुज्या पुस्तकातल्या हिपशीला गालच न्हाईत. सरड्यागत तोंड केलंया. ती उपाशी मरंल, बाई." आणि त्याच दिवशी शाळेत येऊन तू हिपशीच्या दोन्ही बाजूंना चिंध्या भरून गाल लावलेस. गालांनी ती एकदम शहाण्या पोरीसारखी दिसायला लागली.

मग तू आम्हाला गप्प बसवून शेळ्या बघायला लावल्यास. अकरा माना खाली आणि एक वर. थोड्या वेळानं वरची खाली गेली आणि दुसरीनं मान उचलली. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. "चरनारं जनावर आसंच ऱ्हातं," तू हळू आवाजात म्हणालीस. "एकजन बघतं, बाकीचं खात्यात. हिपशी काय एकटी नसनार. एकटी आसती तर खाल्लंच नसतं तिनं नीट." मी पुढं वीस वेळा हा धडा इतर वर्गांना शिकवला आणि दर वेळी तुझ्या तोंडचीच वाक्यं वापरली. तुझं नाव मात्र सांगितलं नाही. तेही आज कबूल करून टाकते.

एवढं सगळं तुझं ऐकलं, पण झाड मी सोडलं नाही. गाल पुस्तकात नव्हते, पण ते नाहीत असंही लिहिलं नव्हतं. झाड मात्र स्पष्ट लिहिलं होतं. प्रदर्शनात कोणी पुस्तक उघडून दाखवलं तर? म्हणून मी आंब्याची एक जाड वाळकी फांदी दगड भरलेल्या डब्यात रोवली आणि हिपशीला तिच्यावर बसवलं. ती पडली. शेपटीत तू सरळ वेळूची काठी घातली होतीस, कारण सापळ्यात शेपटीच्या हाडांलगत बारीक बारीक सळ्या काढलेल्या तुला दिसल्या होत्या. "ही शेपूट वाकायची न्हाई. पळताना तोल धरायला हाय ती." ताठ शेपटीची हिपशी फांदीवर काही टिकेना. मी सुतळीनं बांधली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा तू शांतपणे म्हणालीस, "तिलाच वर ऱ्हायाचं न्हाई."

पौडला बैलगाडीतून गेलो. शेपूट गाडीच्या बाहेर येत होती म्हणून तू तिला लाल चिंधी बांधलीस, वेळू नेताना बांधतात तशी. वाटेत लोक थांबून बघत होते. एका म्हातारबाबांनी विचारलं, "ह्ये काय दूध देतं का?" तू म्हणालीस, "आजून गाभन न्हाई." मी गाडीत हसून हसून आडवी झाले. तुझ्यासारखी मैत्रीण मला आधी कधी मिळाली नव्हती आणि नंतरही मिळाली नाही. हे तिथंच सांगायला हवं होतं, गाडीत.

आणि मग ते परीक्षक आले. चष्मेवाले, सौम्य गृहस्थ. ज्वालामुखी बघून बघून कंटाळलेले असावेत, कारण हिपशीपाशी येऊन त्यांचा चेहराच खुलला. त्यांनी गालांचं कौतुक केलं, डोळ्यांचं केलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "हा प्राणी झाडावर राहत असे, असं आपलं म्हणणं आहे?"

मी म्हटलं, "हो."

टेबलामागून तू म्हणालीस, "न्हाई."

ते एकदा माझ्याकडे आणि एकदा तुझ्याकडे पाहायला लागले. तेवढ्यात सुतळी सुटली आणि हिपशी त्यांच्या हातातल्या कागदांवर तोंडघशी पडली. गृहस्थ भले होते, त्यांनी तिला दोन्ही हातांनी झेललं आणि हळूच जमिनीवर उभं केलं. तिथं मात्र ती छान उभी राहिली, ताठ शेपटीवर तोल सांभाळून, जणू निघालीच होती कुठंतरी. तू माझ्याकडे पाहून नुसत्या भुवया उचलल्यास. नंबर एका ज्वालामुखीला गेला. आपल्या कागदावर शेरा होता: 'कल्पना उत्तम, मेहनत दिसते. सादर करणाऱ्यांत एकमत नाही.'

मी तुझ्याशी तीन आठवडे बोलले नाही. मनात म्हणत होते, या बाईला शाळेत वर आणलं ते मी, आणि चारचौघांत मला तोंडघशी पाडलं ते हिनं. जणू पायऱ्या माझ्या मालकीच्या होत्या. तू रोज यायचीस, वर्गाच्या दाराशी बसून कामट्या सोलायचीस, आणि माझ्या न बोलण्याकडे लक्षच द्यायची नाहीस. शेवटी एक दिवस टेबलावर पावट्याच्या शेंगांचा ढीग ओतलास. "शिजीव. आन हिपशी कोपऱ्यात तोंड करून उबी हाय, ती मला दे. तुला नको आसंल तर."

मला राग धरून ठेवता येईना. शेंगा फारच कोवळ्या होत्या.

पुढच्या वर्षी भात निसवलं, म्हणजे ओंब्या बाहेर पडल्या, तेव्हा तू हिपशी तुझ्या खाचरात बांधावर उभी केलीस, बुजगावणं म्हणून. झाडावर नाही, जमिनीवर, धावायच्या बेतात. पाखरांनी दोन दिवस दम धरला आणि तिसऱ्या दिवशी तिच्या शेपटीवर ओळीनं बसून तुझं भात खाल्लं. डुकरं मात्र त्या वर्षी फिरकली नाहीत. शेजारच्या जांबे आणि चांदे गावांची माणसं बघायला यायची आणि तू प्रत्येकाला सांगायचीस, "आमच्या बाईचं म्हननं हाय ही झाडावर चढती." ते माझ्याकडे बघून हसायचे. पावसानं ती दर वर्षी विरघळायची आणि दर वर्षी तू नवीन करायचीस. सागरगोटे तेवढे तेच.

मग माझी बदली झाली. रडारड तू होऊ दिली नाहीस. म्हणालीस, "भात निसवलं की ये. तवर पुस्तकात बघून ठेव." आणि मी दर वर्षी आले. लग्न झालं त्या वर्षी आले, मुलगी झाली त्या वर्षी तिला घेऊन आले. बांधावर बसून आपण तासन्‌तास हिपशीवरून भांडायचो. त्या भांडणात सगळं यायचं: माझ्या सासूबाई, तुझे गुडघे, सुजाताचं नर्सिंगचं शिक्षण, तुझा नवरा गेला तो पावसाळा. दुःखाचं बोलणं जड व्हायला लागलं की तू मध्येच म्हणायचीस, "ते आसू दे. मांडी आखूड हाय का न्हाई, ते सांग." आणि मी लगेच तावातावानं सुरू. त्या वर्षांत तू मला किती वेळा असं वर काढलंस, ते तुला माहीत होतं का गं? मला तेव्हा माहीत नव्हतं.

आता ती गोष्ट.

तीन वर्षांपूर्वी मुलीच्या अभ्यासासाठी पुण्याच्या एका वाचनालयात गेले होते. तिथं नवं पुस्तक मिळालं, रंगीत. चाळता चाळता हिपशी समोर आली. जमिनीवर होती, ठकू. धावत होती. शेपूट मागं ताठ, काठीसारखी. तोंडाला गाल होते. खाली लिहिलं होतं की हा प्राणी झाडावर राहत असे ही समजूत चुकीची होती, अंगठा काही मागं वळलेला नव्हता, पायांची हाडं वेगानं धावणाऱ्या प्राण्याची आहेत. मांडी आखूड, नडगी लांब. सगळं तुझं. पाठ तपकिरी आणि पोट पांढरंसुद्धा, पण तो चित्रकाराचा अंदाज असावा. मी वाचनालयात एकटीच टाळी वाजवली आणि लोकांनी वळून पाहिलं. तुझा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

त्या वर्षी मी सांगायचं ठरवूनच आले होते. पुस्तकातलं चित्र हातानं उतरवून पिशवीत आणलं होतं. तू दारात विचारलंस, "काय बाई, चढली का?" आणि मी म्हटलं, "चढली. वरच बसलीय."

का असं केलं? पहिलं कारण साधं आहे. मला हार मानवली नाही. दुसरं बांधावर बसल्यावर कळलं. तू पाय पसरून, तंबाखू मळत, डोळे बारीक करून भांडणाला बसली होतीस, आणि मला भीती वाटली की हे संपलं तर मी कशाच्या निमित्तानं येणार. घरची कामं, संसार, शाळा. नुसतं 'ठकूला भेटायला' म्हणून कोण मला सोडणार होतं, आणि मी तरी निघाले असते का? चित्र तसंच पिशवीत परत नेलं. पुढची दोन वर्षंही आणलं आणि परत नेलं. यंदा नक्की, असं म्हणत होते, पण निघायला उशीर झाला. यंदा तू भात निसवायची वाट पाहिलीस, पण माझी नाही.

काल वंदना झाली, चार जण बोलले. मग सुजाता म्हणाली, बाईंनी बोलावं. मी उभी राहिले. तुझ्याबद्दल काय काय ठरवून आले होते, सगळं विसरले. पिशवीतून चित्र काढलं आणि म्हटलं, "ठकूचं बरोबर होतं. हिपशी झाडावर चढत नव्हती. मला तीन वर्षं माहीत होतं. मी तिला सांगितलं नाही." आणि मग रडले ते मात्र ठरवल्यापेक्षा जास्त रडले.

आणि सुजाता, तुझी पोरगी, हॉस्पिटलात भल्याभल्यांना दमात घेणारी, हसायला लागली. डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू. म्हणाली, "बाई, आईला ठावं व्हतं."

मी म्हटलं, "कसं? कोणी सांगितलं?"

"कुनी न्हाई. आई म्हनली, आदी बाई चिडायची, नाक लाल व्हायचं. तीन वरसं झाली, आता भांडताना हसती. बाईला कळलंया. मी म्हनलं, मंग विचार की. तर म्हनली, कशाला? तिला यायला कायतरी पायजे. गप ऱ्हा तू बी."

ठकू, तू मला शेळ्यांसारखं वाचलंस.

मग सुजातानं मला खाचरावर नेलं. भात कापणीला आलंय, ओंब्या वाकल्यात. बांधावर यंदाची हिपशी उभी होती, आणि तिच्या शेजारी दुसरी. मला माहीतच नव्हतं. एकीची मान खाली, तोंड गवतात. दुसरी मान वर करून रस्त्याकडे बघतेय, ज्या रस्त्यानं एसटी येते त्याच. सुजाता म्हणाली, ताप यायच्या चार दिवस आधी आईनं दोन्ही पुऱ्या केल्या. मी विचारलं, दोन का? "आई म्हनली, एकटं जनावर नीट चरत न्हाई." सागरगोटे तिनं एकेक वाटून दिलेत. प्रत्येकीला एक खरा डोळा आणि एक मातीचा.

मी ते चित्र चरणाऱ्या हिपशीच्या पायाशी ठेवलं, उडू नये म्हणून वर दगड ठेवला. हरले, ठकू. चारचौघांत, लेखी, सहीनिशी हरले.

पण एक सांग. तुझी शेळी पुढचे दोन पाय झाडाला टेकवून, उंच होऊन बोरीचा पाला खाते, हे तूच मला दाखवलंयस. मग हिपशीनं कधी हात खोडाला टेकवून मान वर केलीच नसेल? चढली नसेल, मान्य. टेकली तरी असेल. नवं पुस्तक मी पुन्हा नीट वाचलंय, त्यात तसं नाही म्हणून कुठंही लिहिलेलं नाही. भात निसवलं की मी येते. तू म्हण 'न्हाई'.